मिसी एलियट : 'टिंबालँडची गायिका' म्हणणाऱ्यांसाठी

रीळवाली

आमच्या स्टुडिओत नवीन मुलगा आलाय. वय बावीस, कान चांगला, मतं भरपूर. परवा जेवताना अमेरिकन रॅपर आणि प्रोड्यूसर मिसी एलियटचा विषय निघाला तर म्हणाला, "ती टिंबालँडची गायिका ना?" (टिंबालँड म्हणजे तिच्या बऱ्याच गाण्यांचा प्रोड्यूसर.) माझा घास हातातच राहिला. तेव्हा त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. हिपहॉपमधला प्रोड्यूसर तसा नसतो. बीट (ठेका आणि वाद्यांचा पाया) रचणं, सँपल (जुन्या गाण्याचा उचललेला तुकडा) शोधणं, कोणता सूर कुठे लागेल ते ठरवणं, गायिकेकडून ओळ कशी म्हणवून घ्यायची, मागचे आवाज किती थरांचे ठेवायचे, हे सगळं त्याच्याकडे. म्हणजे संगीतकार, अरेंजर आणि थोडासा शाळामास्तर, तिन्ही एकाच खुर्चीत. या खुर्चीत बाई बसलेली मी माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली आहे. मी स्वतः कन्सोलवर बसलेली असताना "मॅडम, इंजिनीअर कधी येतील?" हा प्रश्न अजूनही येतो. असो.

मेलिसा आर्नेट एलियट. जन्म 1 जुलै 1971, व्हर्जिनियातलं पोर्ट्समथ. वडील मरीन दलात होते आणि घरात आईला मारायचे. मिसी चौदा वर्षांची असताना आईने बसमधून फेरफटका मारायला जातो असं दाखवून लेकीला बाहेर काढलं. तेवढ्यात नातेवाइकांनी घरचं सामान ट्रकमध्ये भरून ठेवलं होतं. परत त्या घरी जाणं नाही. आई वीज कंपनीत नोकरी करून घर चालवायची.

शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन तिने ग्रुप काढला. 1991 च्या सुमारास जोडेसी या तेव्हाच्या गाजलेल्या ग्रुपसमोर या मुलींनी वाद्यांशिवाय गाऊन दाखवलं आणि त्यातल्या डीव्हॅन्टे स्विंगने त्यांना उचललं. मिसीने टिमथी मोझलीलाही सोबत आणलं. तोच पुढचा टिंबालँड. हे नाव त्याला डीव्हॅन्टेनेच दिलं, बुटांच्या ब्रँडवरून. म्हणजे कोणी कोणाला आणलं ते बघा!

ग्रुपचं नाव झालं सिस्टा. 1994 मध्ये आल्बम तयार झाला आणि गुंडाळून ठेवला गेला. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर मला अजून बोचते. रेव्हन-सिमोन नावाच्या बालकलाकाराचं गाणं मिसीने लिहिलं होतं, त्यात रॅपही तिचाच होता. व्हिडिओ आला तर मिसीच्या आवाजावर ओठ हलवत होती दुसरीच मुलगी. बारीक, उजळ. आवाज चालतो, अंग चालत नाही.

मग तिने काय केलं? दुसऱ्यांसाठी लिहायला बसली. 1996 मध्ये अमेरिकन गायिका आलियाच्या 'वन इन अ मिलियन' या आल्बमसाठी तिने आणि टिंबालँडने मिळून जी गाणी केली त्यांनी पुढच्या दहा वर्षांच्या आर अँड बीचा नकाशा बदलला. त्याच वर्षी जीना थॉम्पसनच्या एका रीमिक्समध्ये ती चार ओळी रॅप करते आणि मध्येच 'ही ही हाऊ' असं काहीतरी हसते. ते हसू इतकं गाजलं की कंपन्या तिच्या मागे लागल्या.

इथे खरी गंमत आहे. तिला गायिका व्हायचंच नव्हतं, तिला स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, हवं होतं. इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुख सिल्व्हिया रोन यांनी लेबल दिलं (गोल्डमाइंड), पण अट घातली की एक आल्बम तू स्वतःचा करायचा. आपण जिला मिसी एलियट म्हणून ओळखतो ती या अटीतून निघालेली आहे. 'सुपा डुपा फ्लाय' साधारण दोन आठवड्यांत रेकॉर्ड झाला, जुलै 1997 मध्ये बाजारात आला आणि अमेरिकेच्या आल्बमच्या यादीत थेट तिसऱ्या क्रमांकावर उतरला.

आणि त्यातल्या 'द रेन'चा व्हिडिओ! जिला जाड म्हणून कॅमेऱ्यापासून लांब ठेवलं तीच बाई हवा भरलेला काळा फुगीर पोशाख घालून, आहे त्याच्या तिप्पट होऊन, माशाच्या डोळ्यासारख्या लेन्ससमोर उभी. दिग्दर्शक हाइप विल्यम्स, पोशाख जून अ‍ॅम्ब्रोजचा. त्यात हवा भरायला पेट्रोल पंपावर जावं लागलं होतं म्हणे. असलं उत्तर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

बाकी प्रतिसादांत लिहीन, उद्या सकाळची शिफ्ट आहे.

---

चाळीतला_डीजे

पहिला! लहानपणी केबलवर तो फुग्याचा व्हिडिओ लागला की आमची आजी म्हणायची, "अगं बाई, हिला कचऱ्याच्या पिशवीत कोणी घातलं?" आणि चॅनल बदलायचं नाही. शेवटपर्यंत बघायची.

---

गोदाकाठचा_माधव

रीळवालीताई, लेख माहितीपूर्ण. मी सत्तरीतला माणूस, रेडिओ सिलोनवर वाढलेला. एक प्रामाणिक शंका : यात गाणं कुठे असतं? ठेका आहे, बोलणं आहे. चाल कोणती?

---

रीळवाली

काका, शंका रास्त आहे. तुम्ही चाल गळ्यात शोधताय, इथे ती बोलण्याच्या वजनात असते. तबल्याची बोलपढंत ऐकता ना? तिला राग नसतो तरी आपण डोलतो. 'द रेन'मध्ये बाकीचे रॅपर जितके भरभर बोलत तितकी ती सावकाश बोलते. ठेक्याच्या किंचित मागे, आळसावल्यासारखी, मध्ये जागा सोडत. मागे अ‍ॅन पीबल्सच्या 1973 च्या गाण्याचा तुकडा आहे, तो मात्र तुम्हाला नक्की आवडेल. तिथूनच सुरू करा.

---

ओवी_वाचा_ओवी

आपल्या जात्यावरच्या बायका हेच करत होत्या. रॅप म्हणजे ओवीच.

---

अडकित्ता

आली का ओवी. प्रत्येक धाग्यात तेविसाव्या मिनिटाला जातं येतंच. पीठ कधी पडणार?

मुद्द्याचं बोलतो. धागाकर्तीचा जिव्हाळा समजतो, पण भावनेच्या भरात मूळ गोष्ट सुटतेय. 'सुपा डुपा फ्लाय' ऐका आणि रॅप काढून टाका. उरतं काय? टिंबालँडचा अडखळणारा किक ड्रम, मध्येच दुप्पट लयीत पळणारी हाय-हॅट झांज, ती शांतता. हे सगळं त्याचं. आल्बमचं प्रॉडक्शन त्याच्या नावावर आहे. तुमचा बावीस वर्षांचा पोरगा अगदीच चूक नाही.

---

समुद्रापलीकडे

मी गेली अकरा वर्षं नॉरफोकला राहते, नवरा जहाजदुरुस्तीत आहे. पोर्ट्समथ म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडचा काठ, फेरीने जाता येतं. मिसी, टिंबालँड, गायक-प्रोड्यूसर फॅरेल विल्यम्स, सगळे याच पट्ट्यातले. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवाले हिपहॉपवरून भांडत होते तेव्हा इकडे यांचं आपलं वेगळंच चाललं होतं, कोणाचं लक्षही नव्हतं. आरमारी गाव, चर्चमधलं गाणं, बाकी करमणूक बेताची.

इथल्या मोठ्या सरकारी गोदीचं नाव 'नॉरफोक नेव्हल शिपयार्ड' आहे, पण ती आहे पोर्ट्समथमध्ये. काम एका गावात, पाटी दुसऱ्याची. पोर्ट्समथची माणसं याबद्दल अजून कुरकुरतात. अडकित्ता यांचा प्रतिसाद वाचून आठवलं.

---

चाळीतला_डीजे

समुद्रापलीकडेताईंनी गोदीतून तोफ डागली.

---

रीळवाली

अडकित्ता, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी नाकारत नाही. पहिल्या आल्बमचे बीट टिंबालँडचे. पण बीट म्हणजे गाणं नव्हे, हे रोज सोळा ट्रॅक मिक्स करणाऱ्या बाईकडून ऐका. हूक (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ) कोणाचा, मागचे आवाज कोणी रचले, शब्दाऐवजी गाडीच्या हॉर्नसारखा 'बीप बीप' कुठे टाकायचा हे कोणी ठरवलं? ती.

तरी ते बाजूला ठेवू. टिंबालँड नसलेली कामं बघा.

2001 चं 'लेडी मार्मलेड'. क्रिस्टिना अगिलेरा, लिल किम, माया, पिंक अशा चार जणी आणि त्यांना एका गाण्यात बसवणारी मिसी, जोडीला प्रोड्यूसर रॉकवाइल्डर. अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. सुरुवातीला आणि शेवटी जी बाई बोलते ती हीच.

2003 चं मोनिकाचं 'सो गॉन'. 2007 चं कीशा कोलचं 'लेट इट गो'. 2008 मध्ये जॅझमिन सलिव्हन या तेव्हा नवख्या मुलीचं 'नीड यू बॅड', ज्यात मिसीने चक्क रेगेचा ठेका घातला. आणि तिचं स्वतःचं 2005 चं 'लूज कंट्रोल', सायबोट्रॉनच्या 1983 च्या इलेक्ट्रो गाण्यावर उभं केलेलं, प्रॉडक्शन मिसी एलियट. त्या 'कुकबुक' आल्बममध्ये टिंबालँडची गाणी दोनच आहेत.

या यादीतली गाणी एकापाठोपाठ ऐकली की एक गोष्ट कानाला जाणवते. प्रत्येक गायिका तिच्या स्वतःसारखीच वाटते. मिसी कोणावर आपला छाप मारत नाही. मोनिकाचं दुखणं मोनिकाचंच राहतं. टिंबालँडचं गाणं चार सेकंदांत ओळखू येतं, हिचं येत नाही, म्हणून हिला श्रेय मिळत नाही. माझ्या मते ते जास्त अवघड काम आहे. यावर भांडायचं असेल तर मी तयार आहे.

---

अडकित्ता

'लूज कंट्रोल' तिचं आहे हे माहीत नव्हतं. तेवढं मागे घेतो. बाकीचं नाही.

---

नादखुळा_७७

एवढं लिहिलं आणि लतादीदींचा उल्लेख नाही? मिसीने 'थोडा रेशम लगता है' चोरलं होतं ना? बप्पीदांनी कोर्टात खेचलं होतं. आल्बमचं नावच 'अ‍ॅडिक्टिव्ह'.

---

तबकडी

गल्लत होतेय. ते गाणं 'अ‍ॅडिक्टिव्ह', गायिका ट्रुथ हर्ट्स, साल 2002, बनवणारा डीजे क्विक. 'ज्योती' (1981) मधला लताबाईंचा आवाज न विचारता वापरला होता, हे खरं. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने बप्पी लाहिरींचं नाव घालेपर्यंत विक्री थांबवायला सांगितलं. मिसीचा आल्बम एक वर्ष आधीचा, 'मिस ई... सो अ‍ॅडिक्टिव्ह'. नावातल्या साम्यामुळे हा घोळ बरेच जण करतात.

मिसीचा भारताशी खरा धागा त्याच आल्बममधल्या 'गेट यर फ्रीक ऑन'चा. ते टुंग टुंग टुंग वाजतं ते पंजाबी तुंबी. एका तारेचं वाद्य, भांगड्यातलं. मागे तबला. आणि सुरुवातीला जपानीत एक बाप्या बोलतो. या गाण्याला सर्वोत्कृष्ट एकल रॅपचं ग्रॅमी मिळालं. त्यानंतर दोन-तीन वर्षं अमेरिकेत जो तो तुंबी, सतार, बासरी शोधत फिरत होता.

---

गोदाकाठचा_माधव

तुंबी! यमला जट यांची ना? थांबा, हे ऐकायलाच हवं.

---

अडकित्ता

तुंबी टिंबालँडने आणली. नोंद असावी.

---

रीळवाली

नोंद आहे. आता तुंबी काढा आणि तुमच्या पसंतीच्या कोणत्याही पुरुष रॅपरला त्या बीटवर उभं करा. त्या गाण्यात तुंबीचे सूर इतके थोडे आहेत की वरचा माणूस जरा कमी पडला तर रिंगटोन होईल.

---

जुनी_कॅसेट

'आद्य' वगैरे कोणी म्हणायच्या आत एक आठवण करून देते, रॅपची पहिली मोठी निर्माती मिसी नाही. सिल्व्हिया रॉबिन्सन. 1979 चं 'रॅपर्स डिलाइट' आणि 1982 चं 'द मेसेज' या दोन्हींच्या मागे ती होती. न्यू जर्सीतल्या शुगर हिल रेकॉर्ड्सची मालकीण, आधी स्वतः गायिका. आणि रॅपर बायकांमध्ये रॉक्सॅन शॅन्टे 1984 मध्ये चौदा वर्षांची असताना मैदानात उतरली होती, एमसी लाइटचा आल्बम 1988 चा. मिसी याच जमिनीवर उभी आहे.

---

रीळवाली

जुनी_कॅसेट, शंभर टक्के. फरक इतकाच की सिल्व्हियाबाई रॅप करत नव्हत्या आणि शॅन्टे-लाइट या प्रामुख्याने माइकवर होत्या. मिसी स्टुडिओतल्या काचेच्या दोन्ही बाजूंना होती, आणि लेबलही चालवत होती. निकोल रे आणि ट्वीट या दोघी गायिका त्या लेबलवरूनच आल्या.

---

आयोडीन_कमी

मी या संगीताची नाही, शीर्षकातलं नाव पाहून आले. कारण मला ग्रेव्ह्ज हा थायरॉईडचा आजार आहे आणि डॉक्टरांनंतर मी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते मिसीच्या बातमीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडला चुकीचा हुकूम देत राहते आणि ती ग्रंथी थांबायचं नाव घेत नाही. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम, झोप नाही, काहींचे डोळे पुढे येतात. लोक म्हणतात, "बारीक झालीस, छान दिसतेस." मला तेव्हा दुधाची पिशवी कापता येत नव्हती.

मिसीचं निदान 2008 मध्ये झालं, तिने जाहीर केलं 2011 मध्ये. गाडी चालवताना पाय इतका थरथरला की ब्रेक दाबता येईना, अपघात थोडक्यात टळला. पेन धरता येत नव्हतं, लिहिणाऱ्या बाईला! 2005 नंतर तिचा पूर्ण आल्बम आला नाही, लोक आळशी म्हणाले, संपली म्हणाले. सगळं आजारामुळेच असं मी म्हणत नाही. पण तीन वर्षं ती हे कोणाला न सांगता दुसऱ्यांची गाणी करत होती, ही गोष्ट वर रीळवालीताईंनी दिलेल्या 2008 च्या गाण्याशी ताडून बघा.

---

रीळवाली

हे मी जुळवून पाहिलंच नव्हतं. त्याच वर्षीचं आहे ते. आज परत ऐकते.

---

समुद्रापलीकडे

काळजी घ्या हो आयोडीन_कमी.

1 फेब्रुवारी 2015, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना. मध्यंतराचा कार्यक्रम केटी पेरीचा. मध्येच अंधार, आणि मिसी! आमच्या घरी त्या रात्री दहा-बारा माणसं होती. शेजारची कृष्णवर्णीय बाई, साठीची, सोफ्यावरून उठून नाचायला लागली. तिची नात विचारते, "ही नवीन आहे का?" ट्विटरवरही पोरं हेच विचारत होती. दोन-तीन गाणी, काही मिनिटं. आणि त्या आठवड्यात बारा-चौदा वर्षांपूर्वीची तिची गाणी पुन्हा धडाधड विकली गेली.

मग 2017 मध्ये इथल्या एकाने अर्ज काढला की पोर्ट्समथमधलं गुलामगिरीवाल्या कॉन्फेडरेट सैन्याचं स्मारक हटवा आणि तिथे मिसीचा पुतळा बसवा. तीस हजारांवर सह्या! पुतळा झाला नाही. स्मारक मात्र 2020 मध्ये निघालं. आणि 2022 मध्ये गावातल्या एका रस्त्याला तिचं नाव दिलं, मिसी एलियट बुलेव्हार्ड. मी त्यावरून गेलेय. साधा रस्ता आहे, दुतर्फा फार काही नाही. पाटीचा फोटो काढायला गाड्या थांबतात.

---

नादखुळा_७७

वरच्या चुकीबद्दल क्षमस्व. पण बाईंना एवढं सगळं मिळालं तर मग श्रेय मिळालं नाही ही ओरड कशाला?

---

तबकडी

कधी मिळालं ते बघा ना. सॉंगरायटर्स हॉल ऑफ फेम 2019, तिथे पोचलेली पहिली महिला रॅपर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम 2023, तिथेही पहिली महिला रॅपर, क्वीन लतिफाने तिला मंचावर आणलं. स्वतःच्या नावाचा पहिला मोठा दौरा 2024 मध्ये, वय त्रेपन्न. पहिल्या आल्बमनंतर सत्तावीस वर्षांनी. 'वर्क इट' 2002-03 मध्ये दहा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, वर एमिनेम बसला होता. अमेरिकेच्या मुख्य यादीत स्वतःच्या नावाचं गाणं पहिल्या क्रमांकावर कधीच गेलं नाही. गेलं ते दुसऱ्यांसाठी केलेलं.

---

चाळीतला_डीजे

आणि शुक्र राहिला की! 12 जुलै 2024 ला नासाने 'द रेन' रेडिओलहरींवरून शुक्राकडे पाठवलं. साडेपंचवीस कोटी किलोमीटर, चौदा मिनिटं. अवकाशात खोलवर पाठवलेलं पहिलं हिपहॉप गाणं. त्याआधी फक्त बीटल्सचं एक गेलं होतं, 2008 मध्ये. शुक्र हा तिचा आवडता ग्रह. कॅलिफोर्नियातल्या ज्या अँटेनावरून पाठवलं तिचं टोपणनावही व्हीनसच.

शुक्रावर पाऊस सल्फ्युरिक आम्लाचा, तोही जमिनीवर पोचायच्या आत वाफ होतो. तिथे 'मला पाऊस सोसत नाही' हे गाणं पाठवणं म्हणजे नासात कोणीतरी आमच्या चाळीतलं आहे.

---

अडकित्ता

मान्य. हा प्रतिसाद आवडला. बीट टिंबालँडचा होता एवढं शुक्रवासीयांना कळवावं.

---

गोदाकाठचा_माधव

रीळवालीताई, गृहपाठ केला. 'द रेन' दोनदा ऐकलं. ती मागची बाई सुरेख गाते आणि तुमची मिसी तिला मध्येच तोडते, आधी राग आला, दुसऱ्यांदा नाही आला. तुंबीवालं पाचदा ऐकलं. बायको म्हणाली आवाज कमी करा.

मग नातवाने 'वर्क इट' लावलं. त्यात एका ओळीनंतर काहीतरी अगम्य भाषा येते. मी म्हटलं अरबी असावी. नातू म्हणाला, आजोबा, तीच ओळ उलटी वाजवली आहे, ती आधी सांगतेच की उलटं करते म्हणून. खरं वाटेना. त्याने संगणकावर अख्खा तुकडा उलटा करून दिला. तर अगम्य होतं ते सरळ झालं, पण आधीचं सरळ होतं ते अरबी झालं!

आणि मध्येच हत्ती का ओरडतो? नातवाला विचारलं तर म्हणे, तिथे एक शब्द झाकलाय, अर्थ विचारू नका.

---

रीळवाली

काका, नातू हुशार आहे. त्याचं ऐका.